सगळं सोडून येऊ, की चमच्यापर्यंत सगळं घेऊन येऊ?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारात, सासर मांजलपूरला. लग्नाला नऊ वर्षं झाली, सात वर्षांची मुलगी आहे, मी एका प्रायव्हेट शाळेत शिकवते. मागच्या दिवाळीपासून मुलीला घेऊन माहेरी आहे. मारहाण वगैरे कधी झाली नाही, पण आता एकत्र राहणं होणार नाही हे दोघांनाही कळलंय नि संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलंय. अडलंय सगळं सामानावर. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यात मला काही नको. पण फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन त्याने हप्त्यावर घेतलं म्हणून तो त्याचं म्हणतो. संखेड्याचा मोठा झोपाळा, कपाट, भांडी बाबांनी दिलेली. देवघरात माझी अन्नपूर्णा नि बाळकृष्ण आहेत, सासूबाई म्हणतात देवघर मोडायचं नाही. त्यांनी लग्नात घातलेले तोडे आमच्या जॉइंट लॉकरमध्ये आहेत, ते त्यांना परत हवेत. आई म्हणते सगळं त्यांच्या तोंडावर फेक नि मोकळी हो. दादा म्हणतो रविवारी टेम्पो घेऊन जाऊ नि चमचा-वाटी सगळं उचलून आणू. मी लिस्ट करायला बसते आणि पोळपाट लिहिताना रडायला येतं. आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही ताई. वस्तूंसाठी भांडणं मला शोभतं का?"

अगं, पोळपाट लिहिताना रडू येणारच. नऊ वर्षं रोज सकाळी ज्याच्यावर पोळ्या लाटल्यास ती वस्तू कागदावर एका ओळीत मावत नाही, आणि घटस्फोटाच्या अर्जावर सही करताना जे डोळ्यांत येत नाही ते नेमकं मिक्सरचं झाकण नि गाळणी लिहिताना येतं, असं मला कितीतरी बायकांनी सांगितलंय. म्हणून लिस्ट एकटीने नि रात्री करू नकोस. दुपारी कर, एखादी मैत्रीण शेजारी बसव, तू बोल आणि तिला लिहू दे.

"शोभतं का" विचारतेयस, तर हो, शोभतं. आपलं ते मागणं म्हणजे भांडण नव्हे. घराण्यात असं कधी झालं नाही म्हणतेस, पण आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता, बाकी देशात सगळ्या हिंदूंना लागू होणारा कायदा १९५५ चा. म्हणजे तुझ्या पणजीच्या काळातसुद्धा या गावातल्या बायकांना तो रस्ता होता. तू जगावेगळं काही करत नाहीयेस.

आता आई नि दादा. दोघं तुझ्यावर जीव टाकतात म्हणूनच असं बोलतायत, पण दोघांचंही ऐकू नकोस. सगळं फेकून आलीस तर तो दिवस मोठा अभिमानाचा जाईल, आणि मग सहा महिन्यांनी तू भाड्याने दोन खोल्या घेशील तेव्हा कुकर, गाद्या, गॅसची शेगडी, कपाट, मुलीचं टेबल एकेक करत शाळेच्या पगारातून परत उभं करावं लागेल, त्यात लाख रुपये कधी गेले कळायचं नाही, आणि तेव्हा आपलीच भांडी तिकडे कपाटात पडून आहेत हे आठवून जो त्रास होईल तो आजच्या त्रासापेक्षा जास्त असेल. घाईघाईत सगळं सोडून आलेल्या बायका वर्ष-दोन वर्षांनी मला लिहितात आता मागता येईल का म्हणून, मागता येतं, पण तोवर बिलं हरवलेली असतात, वस्तू विकलेल्या असतात, साक्ष द्यायला कोणी नसतं.

दादाच्या टेम्पोचंही तेच. रविवारी अख्खी सोसायटी घरी असते. तुझ्या मुलीच्या मैत्रिणी त्याच सोसायटीत आहेत ना? मग चार दांडगे लोक जिन्यावरून कपाट उतरवतायत आणि वरून सासूबाई रडतायत हे त्या मुली बघणार आणि सोमवारी तिला विचारणार. शिवाय न विचारता घरात शिरून सामान उचललं तर उद्या तेच तुमच्याविरुद्ध तक्रारीत लिहिलं जातं, तुझं असलं तरी. दादाला सांग, टेम्पो लागेलच, पण मी सांगेन त्या दिवशी.

मग करायचं काय, तर आधी तुझं काय आहे ते नीट ओळखायचं. लग्नाच्या आधी, लग्नात, लग्नानंतर तुला म्हणून जे जे दिलं गेलं, मग ते आई-बाबांनी दिलेलं असो, मामांनी, मैत्रिणींनी, नवऱ्याने की सासू-सासऱ्यांनी, ते स्त्रीधन. ते एकट्या तुझं, त्यात अर्धा वाटा वगैरे काही नसतो. सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये प्रतिभा राणीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की बायकोचं स्त्रीधन नवऱ्याकडे किंवा सासरी नुसतं सांभाळायला असतं, मागितल्यावर दिलं नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. नवऱ्याने अडचणीत कधी तुझा दागिना मोडला असेल तर तोही त्याने परत करायचा असतो. आणि अजून एक, बाबांनी दिलं म्हणून बाबांनी मागायचं असं नसतं, हक्क तुझा आहे, तुझ्या नावाने नि तुझ्या सहीने मागायचं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेव, तुझ्या बाबांनी जावयाला घातलेली चेन नि अंगठी त्याची आहे, ती लिस्टमध्ये लिहू नकोस, एवढ्या एका ओळीवरून चांगला चाललेला समझोता मोडतो.

पुरावा काय म्हणशील तर आपल्या मराठी लग्नात पुरावे ढीगभर असतात, फक्त कोणाच्या लक्षात येत नाहीत. रुखवताचा फोटो शोधून काढ. त्या टेबलावर मांडलेलं ताट-वाटी-पेल्याचं सेट, पितळी डबे, समई, सगळं स्पष्ट दिसतं. अल्बममध्ये कुठल्या विधीला अंगावर कुठला दागिना होता ते दिसतं, व्हिडिओत तर घालतानाचंच शूटिंग असतं. तुझ्या आईकडे आहेराची वही नक्की असेल, कोणी काय दिलं ते त्यात एकेक लिहिलेलं असतं, ती वही आजच ताब्यात घे नि पानापानाचे फोटो काढून ठेव. लग्नातल्या भेटींची सह्यांसकट यादी करायची असा सरकारी नियमच आहे, १९८५ चा, पण आपल्याकडे ती कोण करतं, म्हणून आहेराची वहीच कामाला येते. आणि भांडी उलटी करून बघ. मशीनने टिंब टिंब करून घातलेली नावं असतात ना बुडाला किंवा कडेला, "मामा-मामीकडून" आणि खाली तारीख, त्यापेक्षा सरळ पुरावा कुठला हवा. ज्या डब्यावर सासूबाईंचं नाव आहे तो त्यांचा, मग तू त्यात नऊ वर्षं पीठ ठेवलेलं का असेना.

घरी जाणं अजून होत असेल तर एकदा दिवसाउजेडी जा, सांगून जा, आणि मोबाईलवर एक सलग व्हिडिओ काढ, प्रत्येक खोली, कपाटं उघडून, भांड्यांची मांडणी, माळा. जाणं होत नसेल तर सण-वाढदिवसांचे जुने फोटो काढ, मागे घर दिसतंच. फ्रिज वगैरे ऑनलाइन घेतलं असेल तर ज्याच्या अकाउंटवरून घेतलं त्यात ऑर्डर सापडते, हप्ते कुणाच्या खात्यातून गेले ते बँक स्टेटमेंटमध्ये दिसतं.

त्याआधीही एक काम आहे, सामानापेक्षा मोठं. कागद. तुझी सर्टिफिकेटं, बीएडची मार्कशीट, पासपोर्ट, आधार, पॅन, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला, तिचं लसीकरणाचं ममता कार्ड, पॉलिसी, एफडीच्या पावत्या. हे सगळं एका फायलीत पहिल्या फेरीतच घेऊन ये, मुलीचे कागद त्यालाही लागतील म्हणून त्याच्यासाठी झेरॉक्स ठेव. हार्ड डिस्कमध्ये मुलीचे लहानपणचे फोटो असतील त्यांचीही कॉपी करून घे, ओरिजिनल कुणाकडे यावर भांडत बसायची गरज नाही, कॉपी दोघांकडे राहू शकते.

आता फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन. खरं ते सांगते. आपल्याकडे लग्नानंतर घेतलेलं सगळं निम्मं-निम्मं असा कायदा नाही. ज्याने पैसे दिले, ज्याच्या नावावर बिल, त्याचं, असं साधारण धरतात. तो हप्ते भरत होता हे खरं असेल तर त्याचं म्हणणं कायद्याने चूक नाही. पण तू लिहितेस की किराणा, मुलीची फी, कामवाल्या बाईंचा पगार तुझ्या पगारातून जायचा. तो हप्ते भरू शकला ते तू बाकीचं सांभाळलंस म्हणून, आणि हे समझोत्याच्या टेबलावर शांतपणे सांगायचं, आवाज न चढवता, महिन्याचे आकडे लिहून. कोर्टात हा मुद्दा किती टिकेल ते वकील सांगतील, पण समोरासमोर बसलेल्या माणसाला तो कळतो, निदान कळायला हवा.

किंमत धरताना घेतली तेव्हाची धरू नका दोघंही. सहा वर्षं जुन्या वॉशिंग मशीनला जुनं सामान घेणारा आज काय देईल ती तिची किंमत. घेतलं तेव्हा अठ्ठावीस हजाराचं होतं असं म्हणत बसलात तर कधीच संपणार नाही. आणि वाटे कसे करायचे त्याची आपली जुनी रीत आहे, एकाने वाटे करायचे नि दुसऱ्याने आधी उचलायचा. जो वाटे करतो तो मग आपोआप समान करतो. स्वयंपाकघरातल्या दोघांनी मिळून घेतलेल्या सटरफटर वस्तूंना ही रीत फार चांगली, एका दुपारी उरकतं.

झोपाळ्यावर मात्र मी दोनदा विचार केला. संखेड्याचं काम म्हणजे आपल्याकडे मुलीला द्यायची मानाची वस्तू, ते लाखेचं तांबडं-सोनेरी काम, कातलेले खांब, बाबांनी किती हौसेने घेतला असेल ते मला दिसतंय. बिल बाबांच्या नावाचं आहे म्हणतेस, म्हणजे बाजू चांगली आहे. पण घरात सगळ्यांनी वापरायचं म्हणून दिलेलं मोठं सामान, पलंग, कपाट, झोपाळा, हे फक्त तुला दिलं की दोघांना मिळून, यावर समोरचा वकील वाद घालतो. दोघांना मिळून दिलेल्या लग्नातल्या वस्तूंचा निकाल घटस्फोटाच्या खटल्यातच लावता येतो, हिंदू विवाह कायद्याचं २७ वं कलम त्यासाठीच आहे, पण ते मागावं लागतं, अर्जात लिहिलं नाही तर कोर्ट आपणहून वस्तू शोधायला येत नाही.

हा झाला हक्क. आता मला सांग, तो ठेवशील कुठे? दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या त्या अरुंद जिन्यातून तो वर चढेल का, आणि चढला तरी माजघरात मावेल का? उद्या भाड्याची जागा घेशील तिथे? तू पत्रात शेवटी लिहिलंयस की सासूबाई संध्याकाळी त्याच्यावर बसतात आणि मुलगी शनिवारी गेली की आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच झोपते. मग माझं मत असं आहे की झोपाळा तिथे राहू दे, पण फुकट नाही. त्याची आजची किंमत काढा. संखेड्याला किंवा गावातल्या शोरूमला तेवढ्याच मापाचा नवा केवढ्याला आहे ते विचारायचं, वापराचे पैसे वजा करायचे, आणि त्या किमतीत फ्रिज नि वॉशिंग मशीन तुझ्याकडे. शाळा, ट्युशन, मुलगी, एकटीने सगळं करताना तुला वॉशिंग मशीन रोज लागणार आहे, झोपाळा नाही लागणार. बाबांना वाईट वाटेल. त्यांना तूच समजावून सांग, दादाकरवी नको. आणि एवढं सगळं ऐकूनही तुला तो झोपाळाच हवा असेल, बाबांचा म्हणून, तर घे, मग जागेचा विचार नंतर, पण ते भांडणाच्या भरात ठरवू नकोस. आणणार असशील तर सुटा करून, प्रत्येक खांबाला गोधडी गुंडाळून, नेहमी लाखेचं काम हलवणाऱ्या माणसाकडूनच आण, ते पॉलिश एकदा खरवडलं की घरी काही करून पूर्वीसारखं होत नाही.

देवघराच्या बाबतीत सासूबाईंचं मी निम्मं मान्य करेन. कुळाचे टाक, खंडोबा, देवी, त्यांच्या घराण्याचे आहेत, ते तिथेच राहणार. गौरीचे मुखवटेही त्यांचे, तू नऊ वर्षं त्यांना साड्या नेसवल्यास तरी. पण अन्नपूर्णा नि बाळकृष्ण तुझे. गौरीहर पुजायला बसलीस तेव्हा आईने तुझ्या हातात दिलेली अन्नपूर्णा ती, ती तुझ्याबरोबर त्या घरात आली, तुझ्याबरोबरच परत येईल. यात देवघर मोडणं कुठे आलं? हे सासूबाईंना तूच सांग, नवऱ्याला मध्ये घालू नकोस आणि वकिलाच्या नोटिशीत तर मुळीच नको. त्यांना म्हण की आई, मी टाकांना हात लावणार नाही, माझ्या आईने दिलेले दोन देव मात्र मी घेऊन जाते, तुम्ही पूजा करून द्या. ज्या बाईने नऊ वर्षं तुझ्याबरोबर श्रावणातले सोमवार केलेत तिला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी त्यांच्या हाताने तांदळावर ठेवून दिले तर तुझ्याही मनाला बरं वाटेल. नाहीच दिले, तर मग लिस्टमध्ये लिहायचे, चांदीच्या वजनासकट.

आता तोडे. कायद्याने बघितलं तर सासूबाईंनी लग्नात तुला घातले म्हणजे तुला दिले, ते तुझं स्त्रीधन झालं, "आमचे पूर्वापार आहेत" म्हणून आपोआप परत जात नाहीत. फक्त वापरायला दिले होते, असं त्या म्हणत असतील तर ते त्यांना दाखवून द्यावं लागेल. तू लिहितेस की ते त्यांच्या सासूचे आहेत आणि तुला ते घालायची इच्छाच उरली नाही. मग मी तुझ्या जागी असते तर ते मुलीच्या नावाने ठेवले असते, म्हणजे समझोत्यात स्पष्ट लिहायचं की अमुक वजनाचे तोडे मुलीचे, ती अठरा वर्षांची होईपर्यंत अमक्या लॉकरमध्ये, दोघांच्या सहीशिवाय काढायचे नाहीत. त्या घराण्याचे तोडे त्या घराण्याच्या नातीकडेच जातायत, सासूबाईंना यावर काय हरकत असणार. तुला पटत नसेल तर ठेव, कुणी तुला लोभी म्हणू शकत नाही. आई सांगते तसं तोंडावर फेकायचे मात्र नाहीत.

लॉकरला दोघांनी एकत्र जा आणि लवकर जा. एकट्याने उघडता येत असेल, तुला किंवा त्याला, तरी तसं करू नका, कारण बँकेच्या रजिस्टरमध्ये तारीख-वेळ नोंदली जाते, आता मेसेजही येतो, आणि मग "तू आधी जाऊन काय काढलंस" हे आयुष्यभर चालतं. सगळं बाहेर काढून एकत्र फोटो, मग दोघांच्या ओळखीच्या सोनाराकडे वजन, वजनाची चिठ्ठी करून दोघांच्या सह्या. तुमचे दागिने नऊ वर्षांपूर्वीचे, त्यांच्यावर आताचा सहा अक्षरी हॉलमार्क नंबर नसणार, तो २०२३ च्या एप्रिलपासून सक्तीचा झाला, म्हणून वजन नि फोटो यांनाच महत्त्व. तो लॉकर उघडायला तयारच नसेल तर बँकेला लेखी अर्ज दे की वाद चालू आहे, आणि त्याची पोच घे.

मंगळसूत्राचं तू विचारलं नाहीस पण कंसात लिहून खोडलंयस, दिसलं मला. ते तुझं आहे. त्यातली एक वाटी माहेरची, एक सासरची, तरी सगळं मिळून तुझंच, परत मागायचा कुणालाही हक्क नाही. कधी काढायचं, ठेवायचं की मोडून मुलीसाठी काही करायचं ते तू ठरव, आज ठरवलंच पाहिजे असंही नाही.

मुलीच्या वस्तू वाटणीत येतच नाहीत. तिचा पलंग, अभ्यासाचं टेबल, सायकल, बारशातल्या बिंदल्या-वाळे, सुकन्याचं खातं, हे तिचं आहे आणि ती जिथे राहणार तिथे जाणार. पण सगळं उचलून आणू नकोस. ती शनिवार-रविवार बाबाकडे जाणार असेल तर तिथेही तिचा एक ड्रॉवर, तिची उशी, चार पुस्तकं, एक रात्रीचा ड्रेस राहू दे, कारण जिथे आपलं काहीच नाही अशा घरी मूल पाहुण्यासारखं अवघडून बसतं. तिला विचार काय इकडे हवं नि काय तिकडे, सात वर्षांच्या मुलीला बरोबर सांगता येतं. आणि तिच्यासमोर लिस्ट वाचू नका, फोनवरही नाही.

सामान आणायचा दिवस कामाचा ठेव, मंगळवार-बुधवार, सकाळी दहानंतर, मुलगी शाळेत असताना. गणपती-नवरात्राच्या दिवसात नको, उत्तरायणात, पतंगांच्या दिवसात, तर नकोच, सगळी सोसायटी गच्चीवर असते. तुझ्याकडून दोन माणसं, त्याच्याकडून दोन, आणि एखादे दोन्हीकडचे ज्येष्ठ, ज्यांच्यापुढे दोघांचाही आवाज चढत नाही, काका, शेजारचे भाई, कोणी असतील ते. दादाला आणायचा असेल तर त्याने खाली टेम्पोपाशी थांबायचं, वर यायचं नाही, हे आधी कबूल करून घे. लिस्टच्या दोन कॉपी, वस्तू दारातून बाहेर गेली की दोन्हींवर टिक, शेवटी दोघांच्या सह्या नि फोटो. बरण्या-भांडी वर्तमानपत्रात बांधायला एक तास तरी धर, तो एक तास तिथे कठीण जाईल. चहा विचारतील तर घे.

तुला तिथे जायची भीती वाटत असती, मारहाण, धमक्या असं काही असतं, तर मी हे असं सांगितलं नसतं, मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत करायचा हुकूम देऊ शकतात, आणि आपल्या गुजरातेत १८१ अभयम या महिला हेल्पलाइनला फोन केला की मदतीला बायका घरी येतात. स्त्रीधन अडवून ठेवणं हासुद्धा त्या कायद्यात आर्थिक छळच धरलाय. पुढे-मागे गोष्टी बिघडल्या तर हे लक्षात असू दे, पण आत्ता पोलिसांत जायची भाषा करू नकोस, एकदा फौजदारी तक्रार झाली की संमतीचा रस्ता जवळजवळ बंद होतो आणि अन्नपूर्णेपासून फ्रिजपर्यंत सगळं वर्षानुवर्षं अडकतं.

कोर्टाचं थोडक्यात. संमतीच्या घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमचं या दिवाळीला होईल. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि मग दुसऱ्यांदा जाऊन दोघांनी परत हो म्हणायचं, समझोता पूर्ण झालेला असेल तर ते सहा महिने कोर्ट माफही करू शकतं, २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तसा. दुसऱ्या वेळी हो म्हणेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सामानाचं "नंतर बघू" असं काही ठेवू नकोस. लिस्ट अर्जाला जोडायची, कुठली वस्तू कुठल्या तारखेपर्यंत द्यायची ते लिहायचं, आणि दुसऱ्या तारखेच्या आधी सगळं हातात आलेलं हवं. "आता आमचं एकमेकांकडे काही येणं नाही" अशा वाक्यावर सही करायला सांगतील, ती सामान मिळाल्यावरच कर, आधी नाही, कितीही घाई केली तरी.

वकील एकच आहे, त्याच्या ओळखीचा, असं लिहितेस. ते नको. निदान लिस्ट नि समझोत्याचा कागद तुझ्या स्वतःच्या वकिलाला दाखव. खर्चाची काळजी असेल तर कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील मोफत मिळतो, पगार कितीही असो, १५१०० ला फोन करून विचार किंवा दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जाऊन त्यांचं ऑफिस विचार. तिथेच मध्यस्थीचीही सोय असते, दोघांना समोर बसवून तिसरा माणूस बोलतो, तुमच्यासारख्या न भांडणाऱ्या जोडप्यांचं सामान तिथे एक-दोन बैठकीत सुटतं.

पोटगी नि मुलीच्या फीचं तू वेगळं विचारलंयस, ते यात मिसळू देऊ नकोस. "फ्रिज घे पण फी तू भर" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबव, मुलीचा खर्च हा सामानाच्या बदल्यात सोडायचा नसतो. त्याच्याबद्दल मला त्याच्या नि तुझ्या पगाराचे आकडे लिहून पाठव, पुढच्या वेळी सविस्तर लिहिते. या आठवड्यात एवढंच कर, आईकडून आहेराची वही घे आणि लॉकरची तारीख ठरवायला त्याला एक साधा मेसेज टाक.